टिचकीच्या केसांत अडकलेली फणी

मी एक जुनी फणी आहे आणि माझे दोन दात पडलेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. एकदा गोष्ट सुरू झाली की मी मध्ये कुणासाठी थांबत नाही.

माझा जन्म एका सुताराच्या ओट्यावर झाला. माझं लाकूड म्हणजे एका राजाच्या सिंहासनाचा उजवा पाय. सुतार मात्र शेवटपर्यंत सांगत राहिला, की ते एका मोडक्या स्टुलाचं आहे. सुताराला राजेरजवाड्यांची काय माहिती असणार? त्यानं बारीक करवतीनं माझ्या दोन्ही बाजूंना दात पाडले, एकीकडे बारीक आणि दुसरीकडे त्याहून बारीक. मग काचकागदानं घासलं आणि दातांवरून अंगठा फिरवला. टर्र असा आवाज आला. तो माझा पहिला शब्द.

मला विकत घेतलं ते केस कापायचं काम नव्यानं शिकणाऱ्या एका मुलीनं. पुढे तिनं स्वतःचं पार्लर काढलं. रस्त्याला लागून एक खोली, मोठा आरसा, दोन फिरत्या खुर्च्या, मागच्या भिंतीला केस धुवायचं बेसिन. वर राहायची जागा. अख्खा रस्ता तिला ताई म्हणतो, म्हणून मीही ताईच म्हणते.

तेव्हा माझा काय रुबाब होता म्हणून सांगू. नुसतं माझं नाव ऐकलं तरी उवा बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जायच्या, आणि जाताना निरोप घेऊन जायच्या. एकदा एका बाईच्या केसांत असा गुंता झाला होता, की त्यात चिमणीनं घरटं बांधून पिल्लंसुद्धा वाढवली होती. मी तो गुंता सोडवला आणि चिमणीला पुढच्या गल्लीत चांगली जागा बघून दिली. खोटं वाटत असेल तर त्या चिमणीला विचारा. माझा पहिला दात तिथे पडला.

मग प्लास्टिकचे रंगीबेरंगी कंगवे आले, गरम हवा फेकणारी यंत्रं आली. ताईनं मला वरच्या खोलीतल्या खणात टाकलं. सोबतीला एक वाळलेली नेलपॉलिशची बाटली आणि सेल नसलेली बॅटरी. अशा मंडळींबरोबर राहणं म्हणजे काय असतं, ते खणात पडलेल्यालाच कळतं. मी तिथे किती काळ पडून होते ते मोजलं नाही. मोजत बसलं की काळ लांबतो.

ताईला मुलगी झाली आणि मी पुन्हा बाहेर आले. प्लास्टिकचे दात बाळाच्या डोक्याला टोचतात, लाकडाचे टोचत नाहीत. तेव्हापासून मी त्या मुलीची. शाळेतलं तिचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण सगळे तिला टिचकी म्हणतात. कारण ती दिसायला एवढीशी, आणि टेबल टेनिस खेळताना मनगटाला असा काही हिसका देते की समोरच्याला चेंडू आला कधी आणि गेला कधी ते कळत नाही. बाबा बस चालवतात, दिवसभर बाहेर असतात. ते म्हणायचे, "तुम्हा मायलेकींच्या केसांत मी पडत नाही." आणि खरंच कधी पडले नाहीत.

टिचकी नववीत गेली त्या वर्षी तिच्या डोक्यातून भुसा पडायला लागला.

आधी पांढरी भुकटी पडायची. मग पिवळट, चिकट खपल्या आल्या, माझ्या दातांत अडकून बसणाऱ्या. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल रेघा उठल्या, भुवयांत साल निघायला लागली, कानामागे खाज. पोर गणित सोडवताना एका हातानं लिहायची आणि दुसऱ्या हातानं डोकं खाजवायची.

ताईनं आयुष्यभर डोकी हाताळलेली. या कामातल्या माणसांची एक खोड असते. दुखणं डोक्यावर दिसलं की ते डोक्यावरच निस्तरायचं, डोक्याच्या खाली माणूस आहे हे विसरून जायचं. ताईचा हिशोब सरळ होता. "भुसा पडतो म्हणजे डोकं कोरडं पडलंय. कोरड्याला तेल."

मग रोज तेल. गरम करून, वाटी भरून, बोटांनी जिरवून. रात्रभर डोक्यावर फडकं बांधायचं, सकाळी मला घेऊन खपल्या खरवडायच्या. टिचकी म्हणायची, "आई गं, दुखतंय." ताई म्हणायची, "दुखतंय म्हणजे निघतंय. हलू नकोस." आणि दुसऱ्या दिवशी खपल्या दुप्पट. मग ताई तेलही दुप्पट घालायची. मी ओरडून सांगत होते, अगं बाई, हे कोरडं नाहीये, चिकट आहे. पण फणीची भाषा म्हणजे टर्र. त्यातून किती सांगणार?

पार्लरशेजारी कापडाचं दुकान आहे. तिथल्या कापडवाल्या काकू दर आठवड्याला केस धुवायला येतात आणि जाताना गावभरच्या बातम्या ठेवून जातात. एकदा टिचकी शाळेतून आली, काकूंच्या खुर्चीमागून जिन्याकडे निघाली. काकूंनी आरशातूनच तिचे खांदे बघितले.

"ताई, एक बोलू?" काकू म्हणाल्या. "राग मानू नका. सगळ्या रस्त्याचा कोंडा तुम्ही घालवता, आणि घरात बघा. दिव्याखाली अंधार."

ताई हसली. हातातला नळ तिनं उगाच मोठा केला. काकू गेल्यावर तिनं टॉवेलाच्या घड्या घातल्या, परत उलगडल्या, परत घातल्या. संध्याकाळी वर येऊन म्हणाली, "उद्यापासून मागच्या दारानं येत जा. पुढे गिऱ्हाईक असतं."

टिचकी म्हणाली, "बरं."

एवढंच. आणि तेव्हापासून ती मागच्या दारानं यायला लागली, गॅसची टाकी आणि फरशी पुसायची बादली ओलांडून. मित्रांनो, माझ्या दातांत खूप काही अडकलंय आजवर, पण ते 'बरं' अजून निघत नाही.

त्याच सुमारास आंतरशालेय स्पर्धेसाठी शाळेचा संघ निवडला गेला. एकेरीत टिचकीचं नाव पहिलं. लहानपणापासून तिला हेच हवं होतं. संघाचा नवा टी-शर्ट आला. काळा कुळकुळीत.

पहिल्याच सरावाला खेळून खेळून तिच्या खांद्यांवर कुणी पीठ चाळल्यासारखं झालं. बाकावर शेजारी बसलेल्या मुलीनं आपला टॉवेल उचलून लांब ठेवला. "मला होईल," म्हणाली. वाईट नव्हती ती मुलगी. तिला तसं वाटलं, ती बोलली. पण टिचकी घरी आली, काळ्या टी-शर्टाची नीट घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी खेळाच्या मॅडमना सांगून टाकलं, "मला अभ्यास आहे. मी संघात नाही."

मग ती संध्याकाळी घरीच. पलंगावर पडून छताकडे बघायची. भूक नाही, बोलणं नाही. बॅट कपाटावर धूळ खात. ताईला वाटलं, वयच तसलं आहे.

एका दुपारी टिचकीनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं. एका हातात मी, दुसऱ्या हातात पार्लरमधली मोठी कात्री. तिनं ठरवलं होतं, केसच ठेवायचे नाहीत. केस नाहीत तर भुसा कशावर दिसणार? केस कापणं वाईट नाही हो. आवडीनं कापले तर मजाच आहे. पण ही पोर रडत रडत कापायला निघाली होती, आणि तिच्या कपाळावर स्वतःचाच राग होता.

तिनं मला केसांत घातलं, बट धरायला.

तेव्हा मी ठरवलं, आता बाहेर यायचं नाही.

मी दात रोवले. एका बटेला धरलं, त्या बटेनं शेजारच्या बटेला धरलं, तेलकट खपल्यांनी सगळ्यांना चिकटवून टाकलं. टिचकीनं ओढलं. मी हलले नाही. तिनं जोर लावला. माझा दुसरा दात कडकन मोडला, तरी मी हलले नाही. लोक म्हणतील, फणी गुंत्यात अडकली. म्हणोत बापडे. वीस हत्ती आणि एक आगगाडी लावली असती, तरी त्या दिवशी मी सुटले नसते.

शेवटी तिनं कात्री ठेवली, दार उघडलं आणि आईला हाक मारायला खाली गेली. डोक्यावर मी उभी, शेंडीसारखी.

खाली कोण बसलं होतं? खेळाच्या मॅडम. टिचकी का येत नाही ते विचारायला घरापर्यंत आल्या होत्या. पार्लरमध्ये तेवढ्यात गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "हा नवीन अभ्यास का?"

टिचकी आधी हसली. मग हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेना. सगळं बाहेर आलं. काळा टी-शर्ट, टॉवेल, मागचं दार. आणि मग आणखी एक गोष्ट, हळू आवाजात. "आणि माझी पाळीपण येत नाही नीट. दोन दोन, तीन तीन महिने येत नाही. आणि हनुवटीवर केस येतायत. मी चिमट्यानं उपटते."

ताई पटकन म्हणाली, "त्यात काय घाबरायचं? माझीही पाळी अशीच होती. हनुवटीचं मी दर रविवारी धाग्यानं काढते. आपल्याकडे असतंच ते."

"ताई, डॉक्टरना दाखवलंत?" मॅडमनी विचारलं.

"कोंडा दाखवायला डॉक्टर? पार्लरवालीनं? रस्ता हसेल मला."

"माझ्या पोरींचा गुडघा दुखला, तर मी तो पिळून बघत नाही. ज्याला कळतं त्याच्याकडे पाठवते. यात गुडघ्याची इज्जत जात नाही आणि माझीही नाही."

 टिचकीनं नाक पुसलं. डोक्यावर मी तशीच उभी. ती म्हणाली, "आई, मी डॉक्टरकडे जाणार. तू येशील तर तुझ्याबरोबर, नाहीतर मॅडमबरोबर. पण जाणार."

एवढ्याशा पोरीचा तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. ताईनंही नसावा. ती उठली, तिनं कंडिशनर लावून एकेक केस मोकळा करत मला सोडवलं. खूप वेळ लागला. तिचे हात त्या दिवशी खरवडत नव्हते.

"उद्या पार्लर बंद," शेवटी ती म्हणाली.

त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे मीसुद्धा गेले, ताईच्या पर्समध्ये. काय लावता, कशानं विंचरता असं विचारलं तर दाखवायला असावं म्हणून. डॉक्टरबाईंनी दिव्याचं भिंग घेऊन टिचकीचं डोकं बघितलं, कानामागे बघितलं, भुवया बघितल्या. मग माझे दात भिंगाखाली धरले. मित्रांनो, मला इतकं निरखून आजवर कुणी बघितलं नव्हतं. मी थोडी लाजले.

"याला सेबोऱ्हिक डर्माटायटिस म्हणतात," त्या म्हणाल्या. "नाव मोठं आहे, पण दुखणं नेहमीचं. अस्वच्छतेमुळे होत नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर एक बारीक बुरशी राहते. ती कातडीच्या तेलावर जगते. काहींच्या कातडीला ती सोसत नाही, मग खाज आणि खपल्या. तुम्ही रात्रभर तेल ठेवत होतात?"

"रोज," ताई म्हणाली.

"म्हणजे रोज तिला जेवायला वाढत होतात."

ताईनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू वाढपी मीच होते. तेल कुणी गरम केलं होतं?

मग डॉक्टरबाईंनी भिंग बाजूला ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि टिचकीला विचारलं, "पाळी कशी आहे?" पोरीनं सांगितलं. "पिंपल्स? चेहऱ्यावर जास्तीचे केस?" तेही सांगितलं. "झोप?" टिचकीनं मान हलवली, नाही. "आधी आवडायच्या त्या गोष्टी अजून कराव्याशा वाटतात का?"

 टिचकी नुसती आपल्या मनगटाकडे बघत राहिली. उत्तर मिळालं.

"कोंड्याबद्दल विचारायचं सोडून हे काय विचारताय?" ताईनं विचारलं. रागानं नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

"कारण डोकं अंगालाच जोडलेलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रत्येक कोंड्यामागे काही असतंच असं नाही. बहुतेकदा नुसता कोंडाच असतो. पण वयात आलेल्या मुलीला किंवा बाईला कातडीचा हा त्रास आहे, जोडीला पाळी अनियमित, पिंपल्स, हनुवटीवर केस, तर आतल्या हार्मोनांचं गणित तपासायला हवं. पीसीओएस असू शकतं, म्हणजे बीजकोशांचा आणि हार्मोनांचा एक नेहमी आढळणारा बिघाड. आणि मन खचलं, झोप उडाली की खाज वाढते. खाज वाढली की मन आणखी खचतं. म्हणून मी तेही विचारते." मग त्यांनी ताईच्या हनुवटीकडे बघितलं. "तुम्ही धागा फिरवता का?"

ताईचा हात आपोआप हनुवटीवर गेला. "आमच्याकडे असतंच ते."

"असतं, खरं आहे. आईचं लेकीत येतंही. पण असतं म्हणून बघायचंच नाही, असं कुठे आहे? रक्ताच्या तपासण्या दोघींच्याही करू."

तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, बायकांच्या डॉक्टरांनीही बघितलं. टिचकीला पीसीओएस निघालं. ताईला तेच, आणि वर रक्तातली साखर वाढलेली, त्याचा थकवा तिला पार्लरमध्ये उभं राहून आलेला वाटत होता. लवकर कळलं म्हणून बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. औषधं, वेळेवर जेवण, वेळेवर झोप, आणि हातपाय हलते ठेवायचे. टिचकीच्या मनावरचं ओझं बोलून हलकं करायला शाळेच्या समुपदेशक बाईही होत्या. सुरुवातीला ती तिथे जाऊन नुसती बसायची. मग बोलायला लागली.

तेल बंद. त्याऐवजी औषधी शाम्पू. तो डोक्यावर पाच मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. ती पाच मिनिटं टिचकीला सोसवत नव्हती. मग तिनं कपाटावरची बॅट काढली. डोक्यावर फेसाचा डोंगर, आणि न्हाणीघरात टकटक, टकटक, बॅटवर चेंडू. बाबा बाहेरून विचारायचे, "आत अंघोळ चाललीय की सामना?"

जादू झाली असं मी सांगणार नाही. चिमणीची गोष्ट वेगळी, ही वेगळी. खपल्या कमी झाल्या, परीक्षेच्या दिवसांत परत आल्या, परत शाम्पू, परत कमी. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, हे येत जात राहील, आपण त्याला ताब्यात ठेवायचं. टिचकी हट्टाला पेटली होती. "येऊ दे," म्हणायची. "मी पण इथेच आहे." आणि मॅडमना जाऊन सांगून आली, "मी परत संघात."

आणि ताई? स्पर्धेच्या आदल्या दिवशी पार्लर भरलेलं होतं. कापडवाल्या काकू खुर्चीत बसलेल्या. टिचकी शाळेतून आली आणि सवयीनं मागच्या दाराकडे वळली. ताईनं हाक मारली.

"इकडे ये. पुढून."

तिनं लेकीला सगळ्यांदेखत बेसिनशी बसवलं आणि औषधी शाम्पूची बाटली आरशासमोर ठेवली, कुणालाही दिसेल अशी. मग ती बोटांच्या पोटांनी हळूहळू फेस करायला लागली.

काकू आरशातून बघत होत्या. बघून बघून म्हणाल्या, "हे कशाला? त्या दिवशी मी सहज बोलले हो."

"नाही, बरं झालं बोललात," ताई म्हणाली. "दिव्याखाली अंधार म्हणालात ना, म्हणून दिवा उचलून बघितला. तिथे माझी लेक बसली होती." आणि फेस करता करताच पुढे म्हणाली, "तुमच्या सुनेलाही भुवयांत असंच होतं, मी बघितलंय. पाळीचंही विचारा तिला. रागवून नाही, नीट."

काकू काहीच बोलल्या नाहीत. असं होणं म्हणजे घड्याळ उलटं फिरणं. पण जाताना त्यांनी दारात थांबून डॉक्टरबाईंचा पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं टिचकीची वेणी घातली. तेल नाही, ओढाताण नाही. मग मला जुन्या टूथब्रशनं साफ केलं, पुसून कोरडं केलं आणि खेळाच्या बॅगेत ठेवलं, काळ्या टी-शर्टाच्या घडीवर.

सामना सुरू व्हायच्या आधी टिचकीच्या खांद्यावर पांढरा एक कण होताच. मी बॅगेतून बघितला. पलीकडच्या मुलीनंही बघितला. टिचकीनं मान वळवून स्वतःच बघितला. मी दात आवळून बसले. तिनं हळूच बोटानं तो उडवला, चेंडू हातात घेतला आणि सर्व्हिस केली. तो चेंडू, मित्रांनो, समोरच्या मुलीच्या कानावरून गेला तो खिडकीतून बाहेर, आणि ऐकते की अजून खाली आलेला नाही. पंच म्हणाले, चेंडू टेबलावरच पडला होता आणि एक गुण मिळाला. पंचही त्या सुतारासारखेच.

पहिली फेरी ती जिंकली. दुसरी हरली. बाकावर येऊन तिनं घाम पुसला, तेव्हा त्या टॉवेलवाल्या मुलीनं आपला कोरडा टॉवेल पुढे केला. टिचकीनं घेतला.

आता माझं ऐका. मला वापरलंत तर धुवा, पुसा, उन्हात तडकू देऊ नका, एवढं तर कुठलीही फणी सांगेल. मी आणखी सांगते. घरातल्या पोरीच्या खांद्यावर पांढरं दिसलं, तर झटकायच्या आधी तिला विचारा, बाकी कशी आहेस. तेलाची वाटी नंतर. आणि पोरींनो, कुणी विचारलं नाही तर स्वतः सांगा. एकदा सांगून ऐकलं नाही तर परत सांगा. गुंत्यात दात रोवून बसा, ऐकेपर्यंत सुटू नका. एखादा दात जाईल. माझे दोन गेलेत, आणि मी अजून कामावर आहे.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. पार्लरमध्ये दोन्ही खुर्च्यांवर गिऱ्हाईक होतं. टिचकी घामेजलेली, वेणी सुटलेली, खांद्यावर बॅग, बॅगेत मी. ती पायरीशी क्षणभर थांबली. मग पुढचं दार ढकलून आत गेली.